कोंढव्यातला आपांचा कुरआन क्लास, लहान मुलांसाठी कसा आहे?

पुण्याच्या कोंढव्यात मुलांसाठी अरबीचे क्लास गल्लोगल्ली आहेत, मशिदींमधले मकतब आहेत, घरी येऊन शिकवणारे हाफिजजी आहेत, ऑनलाइन तर विचारूच नका. पण ज्यांचं मूल पाच ते दहा वर्षांचं आहे आणि त्यानं कुरआन आवडीनं हातात घ्यावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी कौसरबाग भागातल्या या घरगुती क्लासबद्दल जरा सविस्तर लिहितेय. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, तो इथे जातो.

क्लास असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेपासून सूर्यास्ताच्या नमाजेपर्यंत, एका आपांच्या (शिकवणाऱ्या ताईंच्या) घराच्या हॉलमध्ये, सतरंजीवर. मुलं मोजकीच घेतात. सुरुवात नूरानी कायद्यापासून (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), मग कुरआनच्या शेवटच्या पाऱ्यातल्या (भागातल्या) छोट्या सूरह, म्हणजे कौसर (तीनच आयती), इख्लास, फलक, नास. छडी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, भिंतीवर स्टारचा तक्ता नाही. सबक (धडा) झाला नाही तर आपा म्हणतात, "चल, उद्या परत बघू," आणि खरंच दुसऱ्या दिवशी तोच सबक पुन्हा घेतात, तोंड वाकडं न करता.

शिकवणं मात्र ढिलं नाहीये हं. उच्चारावर प्रचंड मेहनत घेतात. अरबीतल्या बडी हे आणि छोटी हे या दोन अक्षरांतला फरक आपल्या मराठी जिभेला पटकन जमत नाही, तर त्या मुलांच्या हातात छोटा आरसा देतात आणि काचेवर वाफ धरेपर्यंत श्वास सोडायला लावतात, आवाज बरोबर घशातून निघतो. ऐन या अक्षरासाठी गळ्यावर बोट ठेवायला सांगतात. माझा मुलगा घरी बेसिनच्या आरशासमोर उभा राहून हे करत असतो, कुणी सांगितलेलं नसताना, आणि मला याच्यापेक्षा जास्त काही नकोय.

मला सगळ्यात जास्त भावलं ते गोष्टी सांगणं. रोज शेवटची दहा-पंधरा मिनिटं गोष्टीची, आणि गोष्टी निवडतात त्या अशा की मुलाला नबी (पैगंबर मुहम्मद) आपले वाटावेत. नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम सजद्यात (नमाजेत जमिनीवर डोकं टेकून) असताना नातू पाठीवर चढून बसला तर त्यांनी सजदा लांबवला, त्याला घाईनं उतरवलं नाही. उमामा या नातीला खांद्यावर घेऊन नमाज पढली. अबू उमैर नावाच्या छोट्या मुलाचा पाळलेला पक्षी मेला तेव्हा त्याची चौकशी केली. हे सगळं हदीसमध्ये (नबींच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींत) आहे, पण आपण मोठी माणसं मुलांना आधी दोजखच (नरकच) सांगत बसतो. आपा दोजखचं बोलायचं टाळत नाहीत, कुणी विचारलं तर खरं उत्तर देतात, पण सुरुवात तिथून करत नाहीत.

पालकांची मीटिंग घेतात, ती चुकवू नका. त्यात त्यांनी सात वर्षांच्या हदीसबद्दल जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मूल सात वर्षांचं झालं की नमाज सांगा, कडक शब्द येतो तो दहाव्या वर्षी, मग मधली तीन वर्षं कशाची? रोजच्या पाच नमाजा धरल्या तर पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं प्रेमानं "चल बाळा" म्हणायचं, एवढा वेळ मुलाला दिलेला आहे आणि आपण पहिल्याच महिन्यात चिडतो. दुसरं म्हणजे पाहुण्यांसमोर "सूरह म्हणून दाखव" करायचं नाही, हे त्यांनी सगळ्यांना स्पष्ट बजावलंय. माझ्या सासूबाईंना आधी हे पटलं नव्हतं, आता त्याच पाहुण्यांना अडवतात.

आमच्यासारख्यांसाठी एक खास गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, शाफई, घरात मराठी-कोकणी बोलतो, आणि आपा हनफी, बोलणं हिंदी-उर्दू. (दोन्ही पंथांच्या नमाजेच्या पद्धतीत थोडा फरक असतो.) मुलानं विचारलं की अब्बा रुकूत (नमाजेत कमरेत वाकायला) जाताना हात वर करतात, इथे कुणी का करत नाही, तर आपा म्हणाल्या, अब्बा करतात तसंच कर बेटा, दोन्ही बरोबर आहे. मुलाला घर आणि क्लास यात ओढाताण वाटली नाही ना, की अर्धं काम तिथेच झालं. अवघड शब्द मराठीत समजवायचाही प्रयत्न करतात, कारण बरीच मुलं मराठी आणि इंग्लिश शाळांतली आहेत.

रमजानमध्ये कुणी किती रोजे ठेवले याची मोजणी होत नाही. वयात येईपर्यंत रोजा फर्ज (सक्तीचा) नाही हे त्या मुलांसमोरच सांगतात. सहाबा (नबींचे सोबती) आपल्या लहान मुलांना आशुराचा (मोहरमच्या दहाव्या दिवसाचा) रोजा ठेवायला लावायचे आणि भूक लागून रडायला लागली की लोकरीचं खेळणं द्यायचे इफ्तारपर्यंत, ती गोष्ट ऐकून सगळ्या पोरांनी लोकरीचे गोंडे करायला घेतले. माझ्या मुलानं दुपारपर्यंत ठेवला, मग जेवला, आणि संध्याकाळी दस्तरखानावर खजूर मांडायचं काम त्याच्याकडे.

आता अडचणी. वेळ सूर्यावर चालते, त्यामुळे हिवाळ्यात मगरिब सहाच्या आसपास येते आणि स्कूलबस उशिरा आली की क्लासचा अर्धा वेळ गेलाच, उन्हाळ्यात मात्र सातनंतरपर्यंत निवांत असतं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला. रमजानमध्ये संध्याकाळी त्या रस्त्यावर खाण्याचे स्टॉल लागतात तेव्हा गाडी नेऊच नका, चालत जा. गती हळू आहे, कायदा संपायलाच बराच काळ जातो, आणि आमोख्ता (मागच्या धड्यांची उजळणी) घरी रोज थोडा घ्यावाच लागतो, तो आपल्यावर आहे. हिफ्ज (पूर्ण कुरआन पाठ) करायचं असेल किंवा लवकर खतम (पूर्ण कुरआन वाचून संपवणं) हवा असेल तर दुसरीकडे बघा, त्यात काही वाईट नाही, पण इथे ते होणार नाही. दहा वर्षांवरची मुलंही घेत नाहीत, हे मला खटकतं, कारण त्या वयात अशी माणसं जास्त लागतात.

फी महिना ६०० रुपये, भावंडं असतील तर कमी करतात, आणि ज्यांना जमत नाही त्यांना विचारतही नाहीत. नवीन मुलं रमजान ईदनंतर घेतात. आधी एक आठवडा मुलाला नुसतं बसू देतात, मग त्यालाच विचारतात यायचंय का, नको म्हणाला तर पैसे घेत नाहीत आणि आईबापांना सांगतात की सहा महिन्यांनी परत आणा.