मक्याला जागेनुसार युरिया: दोन हंगाम पट्टे आखून पाहिल्यावर

उपग्रहाचा हिरवळीचा नकाशा हातात आला, तेव्हा वाटलं की काम झालं. शेताचे तीन भाग स्पष्ट दिसत होते: खोलगट काळी जमीन, मधला सपाट भाग आणि वरचा मुरमाड पट्टा. पण पीक कुठे कमी-जास्त आहे एवढंच नकाशा दाखवतो. त्याला नत्र किती हवंय, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आपल्याच शेतात चाचणी घेतली. दोन हंगामांनंतर सांगतो, जागेनुसार खत द्यायचं तर सुरुवात इथूनच करा.

तिन्ही भागांत एकरी 0, 24, 48 आणि 72 किलो नत्राचे पट्टे टाकले. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 48 किलोसाठी साधारण 104 किलो युरिया. स्फुरद आणि पालाश सगळीकडे सारखंच दिलं, नाहीतर फरक कशाचा पडला ते कळलंच नसतं. प्रत्येक भागात हे चार पट्टे चार-चार वेळा, दर वेळी चिठ्ठ्या टाकून क्रम बदलून. हे फार महत्त्वाचं आहे. पहिल्या हंगामात मुरमाड भागात मी एकाच ओळीने चढत्या मात्रेचे पट्टे आखले होते. जास्त मात्रेचा पट्टा नेमका उताराच्या खालच्या, ओल धरणाऱ्या बाजूला आला. उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, चांगला आला, पण तो खताचा की ओलाव्याचा, हे ठरवता येईना. त्या भागाचं ते वर्ष वाया गेलं.

काढणीला घाई करू नका. दोन पट्ट्यांच्या सीमेवरची झाडं शेजारचं खत खातात, म्हणून प्रत्येक पट्ट्यातल्या मधल्या दोनच ओळी घ्यायच्या. माझ्या ओळी 60 सेंटीमीटरवर आहेत. अशा दोन ओळींचे 10 मीटर म्हणजे 12 चौरस मीटर. त्यात वजनाची चूक अर्धा किलोची झाली, तरी एकरी हिशोबात ती 168 किलोंच्या आसपास जाते. ओलावाही मोजायचाच: 20 टक्के ओलाव्याचे 10 किलो दाणे 14 टक्क्यांवर 9.3 किलोच भरतात. जास्त नत्राच्या पट्ट्यातलं कणीस अनेकदा उशिरा वाळतं. ओलाव्याचा हिशोब न धरता वजन लावलं, तर तोच पट्टा उगाच पुढे दिसतो.

सर्वांत मोठा धक्का काळ्या जमिनीने दिला. पीक तिथे सर्वांत जोरदार, म्हणून युरियाही तिथेच जास्त घालायचा, असं मी धरून चाललो होतो. पण तिथला शून्य पट्टा तुरा येईपर्यंत जवळजवळ शेजाऱ्यांइतकाच हिरवा राहिला. नत्र कमी पडल्याची खूण, म्हणजे खालच्या पानांवर टोकाकडून मधल्या शिरेवर उतरणारा पिवळा व्ही, फार उशिरा दिसली. जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थातून नत्र सुटत होतं. 24 च्या पुढे उताऱ्यात फारसा फरक नव्हता, वरच्या मात्रेचा युरिया फुकट जात होता. मधल्या भागात 48 पुरेसं ठरलं.

कष्ट मात्र भरपूर आहेत. पट्टे मोजणं, खुंट्या ठोकणं, प्रत्येक पट्ट्याचा युरिया वजन करून वेगळ्या पिशवीत बांधणं, यात दोन दिवस जातात. युरिया वरवर टाकून पाऊस लांबला तर नत्र हवेत उडतं आणि चाचणीच बिघडते. म्हणून मी तो कोळपणीबरोबर मातीआड करतो.

मुरमाड भागाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसऱ्या हंगामात तिथे चिठ्ठ्या टाकून नीट पट्टे आखले, तर सलग जोरदार पावसात नत्र खाली झिरपून गेलं आणि 72 चा पट्टाही पिवळा पडला. त्यामुळे या वेळी मात्रा तीच ठेवून ती दोन हप्त्यांत विरुद्ध तीन हप्त्यांत विभागून द्यायची, अशा चार जोड्या शेजारी-शेजारी टाकतोय. खुंट्या ठोकून झाल्या आहेत, वाफसा आला की पेरणी.