नौपाड्यातला जर्मन क्लास: 'काइन'ला पास, 'डॉख'ला नापास

ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा ए-1 (जर्मनची पहिली पातळी) क्लास. इथे फक्त नकाराच्या धड्याबद्दल लिहितो आहोत. क्लास पारखायला तो एक पुरतो.

जर्मनमध्ये नकाराचे मुख्य शब्द दोन, 'काइन' आणि 'निश्ट'. त्यातलं 'काइन' इथे उत्तम शिकवतात. आधी होकारार्थी वाक्य करायला लावतात. नामाआधी 'आइन' (एक) आलं किंवा काहीच आलं नाही, तर 'काइन'. 'देर, दी, दास' (इंग्रजीतला 'द') किंवा 'माइन' (माझा) असेल, तर 'निश्ट'. इंग्रजीतल्या 'आय डोन्ट हॅव टाइम'वरून 'इश हाबं निश्ट त्साइट' लिहिणारे या चाचणीने सुधारतात: 'इश हाबं काइनं त्साइट'. मात्र 'इश हाबं काइन श्टिफ्ट' (माझ्याकडे पेन नाही) ही चूकही नकाराच्या खात्यात टाकतात. ती लिंगाची आहे: श्टिफ्ट पुल्लिंगी, इथे कर्म, म्हणून 'काइनन'. लिंग पाठ नसेल तर नकाराचे कितीही तक्ते गिरवा, मार्क जाणारच.

जागेचा नियम मात्र अर्धवट: 'निश्ट शेवटी'. 'इश काउफं दास बूख निश्ट' (मी ते पुस्तक विकत घेत नाही) इथवर ठीक. विशेषणाआधी (निश्ट म्यूडं, म्हणजे दमलेला नाही), 'नाख ठाणे' (ठाण्याला) सारख्या पदाआधी आणि शेवटी बसणाऱ्या क्रियापदाआधीही तो येतो, हे फळ्यावर येतच नाही. ए-1च्या लेखी परीक्षेत साधारण 30 शब्दांचा निरोप लिहायचा असतो. आमंत्रण नाकारायचं तर वाक्य ठरलेलं: 'इश कान लायडर निश्ट कॉमन' (दुर्दैवाने मी येऊ शकत नाही). 'येऊ शकत नाही'मध्ये आपला 'नाही' शेवटी, क्लासचा नियमही तेच सांगतो, मग मुलं 'कॉमन निश्ट' लिहिणार नाहीत तर काय?

खरी चुटपुट पुढे आहे. वर्गात बहुतेक मराठी, पण समजावणं सगळं इंग्रजीतून. 'आबर' आणि 'झोंडर्न' या दोन्हींना इंग्रजीत एकच 'बट', त्यावर अर्धा तास जातो. मराठीत 'पण' आणि 'नव्हे, तर' आहेतच की! 'हा चहा नव्हे, तर कॉफी' म्हटलं की 'झोंडर्न' कळलं. 'डॉख'चंही तसंच. 'येणार नाहीस?' याला 'येणार की!' असं उत्तर देतो, तो 'की' म्हणजे 'डॉख'. इथे तो 'यस'चा एक प्रकार म्हणून उरकतात, आणि मुलं नकारार्थी प्रश्नाला जर्मन 'या' (साधं हो) म्हणून मोकळी होतात.

वर्कशीट चांगल्या आहेत, लिंगं मिसळून दिलेली. डेमो लेक्चरला बसलात तर 'निश्ट' कुठे कुठे येतो ते विचारा. उत्तर 'शेवटी' एवढंच आलं, तर फी भरण्याआधी दुसरा एखादा क्लास बघून या.