नागपूरचं डेकॅथलॉन, जिल्ह्याचं स्पोर्ट्सचं दुकान की ऑनलाइन? खेड्यातल्या पोट्ट्यांनी काय कुठून घ्यावं

कापूस विकून घरात थोडा पैसा आला की आमच्याकडं एक प्रश्न दरवर्षी निघते, बूट कुठून घ्यायचे. पोलीस भरतीवाले पोट्टे-पोट्ट्या, व्हॉलीबॉलची टीम, टेनिस बॉल क्रिकेटवालं मंडळ, सगळेच विचारतात. अन् सांगणारा प्रत्येक जण एकच दुकान सांगते, कोणी म्हणते डायरेक्ट नागपूर गाठ, कोणी म्हणते यवतमाळलेच सगळं भेटते, कोणी म्हणते मोबाईलवर मागव अन् मोकळा हो. मी यवतमाळ जिल्ह्यातलाच, सकाळी ग्राउंडवर भरतीच्या पोरांसोबत असतो, त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, एका दुकानातून सगळं घेऊ नका. पायात घालायचं ते पायात घालून पाहून घ्या, जड अन् दुरुस्तीवालं जवळून घ्या, अन् साईज एकदा पक्की झाली की मंग ऑनलाइन. काऊन ते खाली लिहितो, थोडं लांबेल.

आधी दुकान कुठं आहे ते पाहा, काऊन की अर्धा निर्णय तिथंच होते. डेकॅथलॉन ही खेळाचं सामान विकणारी फ्रान्सची कंपनी, १९७६ ची. भारतात २००९ मध्ये आली तेव्हा फक्त घाऊक विक्री करे, आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाले विकायचा रस्ता २०१३ मध्ये मोकळा झाला. आता देशात शंभरावर दुकानं आहेत, अन् २०२४ मध्ये कंपनीनं पाच वर्षांत १० कोटी युरो भारतात टाकायचं जाहीर केलं. पण ही दुकानं बंगलोर, मुंबई, पुणे, हैदराबाद असल्या शहरांभोवती दाट आहेत अन् आपल्याकडं येता येता पातळ होतात. विदर्भात ११ जिल्हे, पण डेकॅथलॉन म्हटलं की आपल्या तोंडी नागपूरच येते.

याच्यात कोणाचा राग धरायचं कारण नाही, हिशोब साधा आहे. तिथं पोहायचा चष्मा, स्केट्स, तंबू, बॅडमिंटन, घोडेस्वारीपर्यंतचं सामान एका छताखाली ठेवतात, अन् असं सामान खपायले माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं, अमरावती साडेसहा लाखांच्या आत, अकोला सव्वाचार लाख, यवतमाळ शहर सव्वा लाखसुद्धा नाही. आपल्या जिल्ह्याच्या दुकानदाराले व्हॉलीबॉलची नेट, गोळा, बॅट, कॅरमची पावडर ठेवली तरी वर्षभर गिऱ्हाईक असते, पण तंबू त्याच्याकडं पडूनच राहीन.

म्हणून एकच सल्ला सगळ्या विदर्भाले लागू होत नाही. भंडारा नागपूरपासून साठेक किलोमीटर, वर्धा पाऊणशे, तिथल्यांले सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाले घरी येता येते, त्यांनी बूट घ्यायले नागपूरलेच जावं. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर दीडशेच्या घरात, म्हणजे अख्खा दिवस. गडचिरोली त्याहून लांब, अन् भामरागड-सिरोंचाकडच्या माणसाले तर आधी गडचिरोलीच लांब पडते. बुलढाण्यावाल्यांनी नागपूरचा विचारच सोडून द्यावा, त्यायले छत्रपती संभाजीनगर निम्म्याहून जवळ आहे, कंपनीच्या ॲपवर तिकडचं दुकान अन् त्यातला स्टॉक पाहा अन् मंग निघा. समृद्धी झाल्यापासून मेहकर, कारंजा, धामणगाव या पट्ट्यातल्या चारचाकीवाल्यांले नागपूर जवळ आलं हे खरं, पण समृद्धीवर दुचाकीले बंदी आहे, म्हणून ज्याच्याकडं फक्त गाडी म्हणजे मोटरसायकल त्याच्यासाठी अंतर जुनंच आहे.

आता भाड्याचं. लालपरीच्या साध्या गाडीनं दीडशे किलोमीटरले अडीचशेच्या आसपास तिकीट, जाणं-येणं पाचशे. वरून नागपूरच्या स्टँडवरून दुकानापर्यंत ऑटो, अन् पोटाले काहीतरी. हजार-बाराशेच्या बुटासाठी सहा-सातशे खर्च म्हणजे बूट जवळजवळ दीडपट पडला. पण पोरींचा हिशोब वेगळा आहे, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांले अर्धं तिकीट, त्यामुळं भरतीची तयारी करणाऱ्या पोरींले तीच ट्रिप अडीचशेत होते. आमच्या इथं तर पोरी चौघी-पाच जणी मिळून जातात, सोबतीनं घरचेही पाठवतात अन् एका दिवसात सगळ्यांचे बूट होतात. मले ही पद्धत सगळ्यात चांगली वाटते.

बुटावर मी एवढा जोर का देतो? भरतीत मैदानी ५० मार्कांची असते, मुलांले १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५ अन् गोळ्याचे १५, मुलींले १६०० च्या जागी ८००. म्हणजे ५० पैकी ३५ मार्क पायावर आहेत. अन् आमचे पोट्टे काय करतात, बाजारातून दिसायले भारी, खाली जाड फोमचा, नावाची नक्कल केलेला बूट घेतात, तो पंधरा दिवसात एका बाजूनं बसते, नडगी दुखायले लागते, मंग पोरगं म्हणते माझी स्टॅमिनाच नाही. स्टॅमिना असते गा, बूट धड नसते. घरचे वावरातून काढून पैसे देतात अन् पोरगं दुखत्या पायानं ग्राउंडवर उतरते, हे पाहून खरंच जीव तुटते.

इथं नागपूरचं दुकान पुढं आहे. तीन-चार जोड काढून घालून, तिथंच दोन चकरा पळून पाहता येते, कोणी मागं लागत नाही, किमती लिहिलेल्या असतात. धावायचा साधा बूट हजार-दीड हजारात भेटते. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या, तिथं बहुतेक माल त्यांच्याच ब्रँडचा असते, धावायचा किपरन, फुटबॉलचा किपस्टा, क्रिकेटचा एफएलएक्स, डोंगरात फिरायचा केचुआ. दुसऱ्या कंपनीशी तुलना करून घ्यायची असन तर ती तिथं होत नाही.

जाल तर संध्याकाळकडं जा किंवा निदान दिवसभर चालून झाल्यावर माप घ्या, पाय दिवसभरात थोडा फुगते. ज्या मोज्यांवर पळता तेच मोजे घालून जा. अंगठ्यापुढं बोटाच्या नखाएवढी जागा सुटली पाह्यजे. नंबरचाही घोळ होते, आपल्याकडं यूके नंबर सांगतात अन् तिथं डब्यावर युरोपचा नंबर मोठा लिहिला असते, यूके ८ म्हणजे साधारण ४२. अन् तळ पाहा. मुरमाच्या रस्त्यावर पळत असान तर साधा तळ चालते, पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीनं पळायचं असन तर दाट नक्षीत चिखल असा भरते की बूट जड होते, तेव्हा खोल पण दूर-दूर नक्षी असलेला तळच बरा. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जाते, बूट धुऊन पत्र्यावर वाळवू नका, डिंक सुटून तळ वेगळा होते, सावलीत वाळवा.

जिल्ह्याच्या दुकानात बूट वाईटच असतात असं मी म्हणत नाही. निविया जालंधरची कंपनी आहे, कॉस्को आहे, यांचा माल कितीतरी वर्षांपासून आपल्या शाळांच्या मैदानांवर चालू आहे. अडचण एवढीच की तिथं एका मॉडेलचे सगळे नंबर नसतात, दुकानदार ७ च्या जागी ८ देते अन् म्हणते आत सोल टाक. तसं करू नका. तुमचा नंबर असन, घालून नीट बसत असन, तर बिनधास्त तिथंच घ्या, भाडं वाचलं. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या बुटावर जीएसटी ५ टक्केच आहे, म्हणून दुकानात बिल मागायले लाजू नका, बिलाशिवाय बदलूनही भेटत नाही.

गोळ्याचं मात्र डोळे मिटून जवळचं दुकान. मुलांचा ७.२६० किलो, मुलींचा ४ किलो. लोखंडाचा गोळा कुरिअरनं मागवणं म्हणजे वजनाचे पैसे भरणं, अन् नागपूरवरून पिशवीत घेऊन एसटीत उभं राहणं त्याहून अवघड. अन् जवळच्या दुकानातला गोळा घेतला की किराण्याच्या किंवा अडतीच्या काट्यावर टाकून पाहा, काही गोळे पाव किलोनं कमी निघतात, हलक्या गोळ्यावर सराव केलेला पोरगा भरतीच्या दिवशी फसते. कमी निघाला तर त्याच दिवशी परत नेता येते, हा जवळच्या दुकानाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

क्रिकेटच्या बॅटीचंही तसंच. आपल्या बॅटी मेरठ अन् जालंधरवरून येतात, फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर या दोन गावांत येऊन बसले तेव्हापासून. एसजी ही कंपनीसुद्धा १९३१ मध्ये सियालकोटलेच सुरू झाली अन् फाळणीनंतर मेरठले आली. जिल्ह्याच्या दुकानात बॅट हातात घेऊन, चार-दोनदा हवेत फिरवून, हँडल मजबूत आहे का ते पाहून घेता येते, पुढं ग्रिप बदलणं, हँडल बसवणं, तळाले पट्टी मारणं हेही तिथंच होते. टेनिस बॉलसाठी महागड्या इंग्लिश विलो लाकडाची बॅट घेऊ नका, काश्मीर विलो पुरते, दोघांतला फरक लेदरच्या सीझन बॉलवरच खरा कळते. डेकॅथलॉनमध्येही टेनिसच्या बॅटी असतात, बूट घ्यायले गेलाच असान तर पाहा, पण फक्त बॅटीसाठी जाऊ नका.

मंडळाची जर्सी, मागं नाव अन् नंबर छापून, तर अमरावती, यवतमाळ, अकोल्यात कुठंही होते, तुमच्या गावाचं नाव नीट लिहिलं का ते छापायच्या आधी मोबाईलवर डिझाइन मागवून वाचा.

व्हॉलीबॉल अन् नेट जवळूनच. बॉल २६० ते २८० ग्रॅमचा असते, हातात घेतला की फरक कळते, अन् पंक्चर झाला तर ब्लॅडर बदलून देणारा माणूस गावात किंवा तालुक्याले ओळखीचा असते. नेट ऊन-पावसात बाहेरच राह्यते, दोन वर्षांवर टिकत नाही, तिच्यात जास्त पैसे घालू नका.

आता ऑनलाइन. पिनकोड टाकून आधी पाहा डिलिव्हरी येते का, अन् त्याहून महत्त्वाचं, परत न्यायले येते का. आमच्या भागात पार्सल येते पण रिटर्नचा माणूस येत नाही असं कितीदा होते, एका कंपनीच्या कुरिअरनं तर आमच्याच गावच्या पोराले सांगितलं होतं की तालुक्याले आणून दे. म्हणून पहिला जोड कधीच ऑनलाइन नको. नागपूरले जाऊन एकदा मॉडेल अन् नंबर पक्का झाला, डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवला, की दुसरा जोड त्याच मॉडेलचा घरबसल्या मागवा, तेव्हा ऑनलाइनसारखं सोपं काहीच नाही. मोजे, पाण्याची बाटली, उडीची दोरी, गुडघ्याची पट्टी, स्टॉपवॉच हेही मागवायले हरकत नाही. गडचिरोली-भामरागडवाल्यांनी आणखी एक करावं, नागपूरले कोणी दवाखान्याच्या किंवा कॉलेजच्या कामानं चाललंच असन तर त्याच्याजवळ कागद द्या, कागदावर उभं राहून पेन्सिलनं दोन्ही पायांची आखणी केलेली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटीमीटर लिहिलेले. फक्त नंबर सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पायाची रुंदीही त्यात कळते.

सायकलीचं विचारतात म्हणून लिहितो. डेकॅथलॉनच्या सायकली हलक्या, चालवायले मस्त, सायकलींवरही आता जीएसटी ५ टक्के आहे. पण गिअरवाली असन तर बिघडल्यावर ती दीडशे किलोमीटरवर न्यायची का, हे आधी ठरवा. शाळेत जायले, वावरात जायले बिनगिअरची सायकल तालुक्याच्या दुकानातूनच घ्या, तिची चेन, ब्रेकचे रबर, ट्यूब कुठंही भेटतात. गिअरवाली त्यानंच घ्यावी ज्याचं नागपूरले महिन्यातून येणं-जाणं आहे, किंवा ज्याले स्वतः गिअर सेट करता येते, ते व्हिडिओ पाहून एका दुपारी शिकता येते.