‘माय नेता’ वेबसाइट : एकूण आकड्यावर थांबू नका

निवडणूक लागली की प्रचारपत्रकं वाचण्याआधी मी ‘माय नेता’ उघडते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) या संस्थेची ही वेबसाइट. पैसे लागत नाहीत. उमेदवाराचं नाव टाकलं की त्याने अर्जासोबत दिलेलं मालमत्ता, उत्पन्न आणि खटल्यांचं शपथपत्र तक्त्यात मांडलेलं मिळतं. हे शपथपत्र आपल्याला सहज मिळालेलं नाही. एडीआरने न्यायालयात दाद मागितली, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती मिळण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने कायदा करून त्याला कात्री लावली, ती २००३ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

माझी नोकरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली, त्यामुळे नजर आधी मालमत्तेवर जाते. बहुतेक जण एकूण आकडा बघून पान बंद करतात. खाली जा. जमीन कुणाच्या नावावर आहे, वारशाने आली की विकत घेतली, कधी आणि कितीला, हे सगळं रकान्यांत आहे. आयकर विवरणपत्रातलं उत्पन्नही आहे, आणि त्याच माणसाचे मागच्या निवडणुकांतले आकडेसुद्धा. नुसत्या भाववाढीनेही जमिनीची किंमत वाढते, म्हणून खरेदीची तारीख बघायचीच. पण नवी खरेदी दिसते आणि उत्पन्न तेवढं नाही, अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती तर पैसा कुठून आला हे विचारल्याशिवाय मी ती पुढे पाठवली नसती. आमदार-खासदारांना हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली शिक्षा आहे, तीही जास्तीत जास्त सहा महिने!

खटल्यांच्या तक्त्यात मी एफआयआरचं वर्ष आणि आरोप निश्चित झाले का, हे बघते. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा वेगळा आणि जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०९ वेगळं. लोकसेवकाने किंवा बँकरने केलेला विश्वासघात म्हणजे ४०९. अशाच विश्वासघाताचं उदाहरण म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा रोखे घोटाळा, म्हणजे सरकारी रोख्यांच्या खरेदीत बँकेचा पैसा बुडाला तो. गुन्हा २००२ चा. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात ते सावनेरमधून पुन्हा पुन्हा निवडून आले, राज्याचे मंत्रीही झाले. शिक्षेनंतर आमदारकी गेली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे : दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की पद लगेच जातं. पुढे त्यांना जामीन मिळाला. त्या बँकेत कष्टाचे पैसे ठेवलेल्या शेतकऱ्यांनी एकवीस वर्षं वाट बघितली, याचा मला आजही संताप येतो.

एडीआरच्या विश्लेषणानुसार २००९ च्या लोकसभेत गुन्हे जाहीर केलेले खासदार १६२ होते, २०२४ मध्ये २५१ झाले. आपल्या २०२४ च्या विधानसभेत तपासलेल्या २८६ आमदारांपैकी १८७.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण तक्त्यातली माहिती अर्ज भरला त्या दिवसाची असते आणि खटला पुढे कुठे पोहोचला हे त्यात कळत नाही. त्यासाठी तक्त्यातला केस नंबर आणि न्यायालयाचं नाव लिहून घ्या आणि ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी साइटवर शोधा. पुढची तारीख तिथे दिसते.