डॅरियनपलीकडे गाडी पोचवतो म्हणून २,०७५ डॉलरना फसवलं

आधी १,१५०, मग ६४०, मग २८५. एकूण २,०७५ अमेरिकन डॉलर, तीन खेपांत, माझ्याच फोनवरून पाठवलेले. बँकेची वायर ट्रान्सफरची फी दर खेपेला ४५, म्हणजे आणखी १३५. पैसे परत मागवायच्या अर्जाचे ४०. सगळे मिळून २,२५० डॉलर गेले. हा आकडा घरच्यांनाही पंधरा दिवस सांगितला नव्हता, इतकी लाज वाटत होती. आज लिहितोय कारण अलास्काहून दक्षिणेकडे त्याच रस्त्याने आपले आणखी रायडर खाली उतरताहेत आणि मला फसवणारा तो माणूस अजून मोकळा आहे.

बेत होता अलास्कातल्या प्रुडो बेपासून अर्जेंटिनातल्या उश्वायापर्यंत जायचा. सुमारे ३०,००० किलोमीटर, एकट्याने, मोटरसायकलवर. ज्यांनी हा नकाशा पाहिलाय त्यांना अडचण माहीत आहे. पनामात यावीसाला रस्ता संपतो. पुढे डॅरियनचं जंगल आणि दलदल, साधारण १०० किलोमीटर, तिथे रस्ताच नाही. गाडी बोटीने नाहीतर विमानाने कोलंबियात न्यावी लागते. बरेच जण मिळून एक कंटेनर घेतात आणि पनामातल्या कोलोनहून कोलंबियातल्या कार्ताहेनाला पाठवतात. एकट्या माणसाला मात्र अशा कंटेनरमध्ये जागा शोधत फिरावं लागतं, आणि फसवणारे लोक तिथेच टपून बसलेले असतात.

रायडरांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, "कंटेनरमध्ये एका गाडीची जागा कोणाकडे आहे का?" तासाभरात निरोप आला. एजंट म्हणून बोलणारा माणूस, नीट इंग्रजी, लाल कंटेनरचा फोटो, तीन गाड्या ठरल्यात, चौथी जागा शुक्रवारपर्यंत. त्या जागेसाठी पहिले १,१५० गेले. त्यांची बाकीची पद्धत लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की "दुसरा रायडर" म्हणून जो माझ्याशी चार दिवस गप्पा मारत होता, टायर कुठले घातलेस विचारत होता, तोही त्यांचाच माणूस निघाला. व्हिडिओ कॉलवर तो एकदाही आला नाही. प्रत्येक वेळी रेंज नसायची.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली आहे ती सांगतो.

पनामातून गाडी बाहेर काढायची तर बंदरात नेण्याआधी पोलिसांची तपासणी होते. गाडी समोर उभी करायची, ते चेसिस नंबर कागदाशी ताडून बघतात, मग दाखला मिळतो. हे मी वाचलेलं होतं. तरी त्या माणसाने हा दाखला पीडीएफमध्ये पाठवला तेव्हा मी कोस्टा रिकात होतो. माझी गाडी माझ्या खिडकीखाली पावसात उभी होती. पनामाची हद्द तिने ओलांडलेलीच नव्हती! "प्राथमिक तपासणी कागदावर होते," तो म्हणाला, आणि मी मान्य केलं.

त्याहून वाईट पुढे आहे. मी त्याला ईमेलमध्ये चेसिस नंबर लिहून पाठवताना एक चूक केली होती. शून्याच्या जागी ओ हे अक्षर टाईप झालं होतं. दाखल्यावर तोच ओ, त्याच जागी. तो मी पाहिला. मनात पाल चुकचुकली. पण चूक माझी होती, म्हणून मला उलट ओशाळल्यासारखं झालं आणि मीच माफी मागितली. "काही नाही, बंदरावर दुरुस्त करू," असं उत्तर आलं आणि मला हायसं वाटलं. अरे, ज्याने गाडी पाहिली असती त्याच्या कागदावर माझी टायपिंगची चूक आली कशी असती? रात्रभर तो कागद समोर होता. सकाळी उठून मी ६४० डॉलर पाठवले.

ते ६४० कशाचे, तर "कोलंबियाच्या कस्टमची परत मिळणारी अनामत". मला मूर्ख म्हणण्याआधी एवढं ऐका. आशिया-आफ्रिकेतल्या काही देशांत गाडी न्यायची तर कार्ने द पासाज (गाडी तात्पुरती आत नेण्यासाठीचं कस्टमचं कागदपत्र) लागतं, आणि त्यासाठी ऑटोमोबाइल क्लब खरोखरच मोठी हमी किंवा अनामत घेतात. प्रवेशाचे आणि निर्गमनाचे सगळे शिक्के पूर्ण झाले की ती परत मिळते. या पद्धतीने गाडी नेलेल्या लोकांशी मी बोललेलो होतो, त्यामुळे अनामत हा शब्द मला खटकला नाही. कोलंबियात पर्यटकाच्या गाडीला साधा तात्पुरता आयात परवाना मिळतो, तो फुकट असतो, विमा तेवढा सक्तीचा. हे शोधायला दहा मिनिटं लागली असती. ११८ दिवस एकटा गाडी चालवत होतो, रोज नवी हद्द, नवी रांग, कागद दाखवायला शेजारी दुसरं माणूस नाही. कोणीतरी आपलं काम अंगावर घेतंय याचंच बरं वाटत होतं.

शेवटचे २८५ पेट्रोल आणि बॅटरीच्या "धोकादायक माल" शुल्काचे. गुरुवारी संध्याकाळी पाठवले. शुक्रवारी दुपारी कोलोनला पोचलो. दिलेल्या पत्त्यावर गोदाम होतं, पण त्या एजंटचं नाव तिथे कोणी ऐकलेलं नव्हतं. शेजारच्या शिपिंगच्या काउंटरवर एका बाईंनी माझा कागद घेतला, पेनाचं टोक एकेका अक्षरावर ठेवत चेसिस नंबराची सतराही अक्षरं वाचली आणि ओ या अक्षरापाशी थांबल्या. म्हणाल्या, "चेसिस नंबरात हे अक्षर येतच नाही." आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून.

मी तिथूनच बँकेला फोन लावला. २८५ अजून समोरच्या खात्यात जमा झालेले नव्हते! ते थांबवता आले असते. उत्तर काय, तर कामाच्या वेळेत लेखी अर्ज करा. सोमवारी अर्ज घेतला तोवर पैसे जमा झालेले. आता म्हणे लाभार्थ्याची संमती आली तरच परत मागवता येतील. ज्याने चोरले त्याला विचारून पैसे परत घ्यायचे? आणि या विचारण्याची फी ४० डॉलर माझ्याकडून! वर, ओटीपी तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा, हे दोन वेळा ऐकवलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी तक्रार स्पॅनिशमध्ये लिहून आणा. भाषांतराला ६० डॉलर दिले, ते वरच्या हिशोबात धरलेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी कागद चाळून विचारलं, खातं कुठल्या देशातलं? मग गुन्हा तिथला. तिथल्या पोलिसांना लिहिलं तर म्हणे, पैसे जिथून निघाले तिथे तक्रार करा. माझ्या देशातल्या सायबर पोलिसांनी सांगितलं की घटना परदेशात घडली आहे, आणि तरीही नोंद हवी असेल तर सही करायला स्वतः या. मी समुद्रापलीकडे, गाडी पनामात माझ्या नावावर नोंदलेली, तिला सोडून देशाबाहेर पडता येत नाही, आणि सही करायला या? तीन देशांचे पोलीस आणि एक बँक, पण खातेदाराचं नाव, खात्याचा नंबर, फोन नंबर सगळं हातात असताना एकानेही ते खातं गोठवायचा प्रयत्न केला नाही. नुसती टोलवाटोलवी. एरवी चोराला मिळाला नसता एवढा वेळ यांनी मिळवून दिला.

खातं कंपनीच्या नावाचं नसून माणसाच्या नावाचं असेल तर तिथेच थांबा. मला सांगितलेलं कारण होतं, कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय. गाडी न पाहता दिलेला कुठलाही दाखला खोटा समजा. कंटेनरच्या फोटोवरचा नंबर वाचा. मालवाहू कंटेनरच्या नंबरात पहिली चार अक्षरं असतात आणि चौथं यू असतं, शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. मी नंतर तपासला, जुळला नाही. कंटेनरमधल्या बाकीच्या रायडरांना व्हिडिओवर भेटल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. आणि कागदात स्वतःची चूक दिसली तर लाजून गप्प बसू नका, ती तिथे आली कुठून ते विचारा.

अकरा दिवसांनी गाडी रीतसर गेली. तपासणीला आलेला पोलीस हँडलखाली वाकला, अंगठ्याने फ्रेमवरची धूळ पुसली, टॉर्च धरली आणि नंबर मोठ्याने वाचत कागदावर खूण करत गेला. चार मिनिटं लागली असतील. मी शेजारी उभा होतो आणि माझे हात थरथरत होते.

गेल्या आठवड्यात त्याच लाल कंटेनरचा फोटो, डाव्या दाराचा कोपरा तसाच चेपलेला, दुसऱ्या नावाने एका मुलाला आलाय. चौथी जागा, शुक्रवारपर्यंत. त्याने पैसे भरलेले नाहीत.