डायनाको स्टिरिओ ७० : नवे ईएल३४ बसवल्यानंतरचे आठ महिने

फिलाडेल्फियाच्या डायनाकोने १९५९ मध्ये आणलेला हा ॲम्प्लिफायर. चॅनलमागे ३५ वॅट. व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या: आउटपुटचे चार ईएल३४, त्याआधीच्या टप्प्याचे दोन ७१९९, आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर जीझेड३४ एक. चारही ईएल३४ बदलून आठ महिने झाले, रोज दोनेक तास धरले तर जवळपास ५०० तास. नव्या व्हॉल्व्हबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बायस (व्हॉल्व्हमधून सतत वाहणारा प्रवाह ठरवणारे ऋण व्होल्टेज) लावताना मीटरवर आणायच्या १.५६ व्होल्ट या आकड्यावर डोळे झाकून ठेवल्या जाणाऱ्या विश्वासाबद्दल.

मूळ रचनेत एका चॅनलच्या दोन्ही ईएल३४ चे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी टोके) १५.६ ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून ग्राउंडला जातात. मीटरवर १.५६ आले की १०० मिलीॲम्पिअर, पण दोघांचे मिळून! एक ६५ आणि दुसरा ३५ ओढत असला तरी मीटर १.५६ च दाखवणार. ४३० व्होल्टवर ६५ वाला २८ वॅटच्या घरात जातो, प्लेटची, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाची, मर्यादा २५ ची. मग काही महिन्यांत प्लेट लाल होते आणि खापर व्हॉल्व्हवर फुटते.

म्हणून आधी ते १५.६ काढा आणि प्रत्येक कॅथोडला, म्हणजे पिन ८ ला, स्वतंत्र १० ओहम, १ टक्का, १ वॅटचा रेझिस्टर लावा. ०.४० व्होल्ट म्हणजे ४० मिलीॲम्पिअर, हिशेब सरळ. मूळचे ५० ठेवले तर साडेएकवीस वॅट होतात. आजच्या व्हॉल्व्हना इतके तापवायची गरज नाही. ४० वर आवाजात फरक जाणवला नाही, मेन्स ट्रान्सफॉर्मर मात्र कमी तापतो, आणि या यंत्रात तोच तर दुखरा भाग.

तळ उघडण्याआधी प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटर २२ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामा करा. मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत हात नाही. बायसच्या पुरवठ्यात जुना सेलेनियम रेक्टिफायर असेल तर तो जाऊ द्या, १एन४००७ बसवा, बायसचे दोन्ही इलेक्ट्रोलिटिकही नवे घाला. सिलिकॉनमुळे ऋण व्होल्टेज थोडे वाढते, त्यामुळे पॉट (बायस कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) पूर्वीच्या जागी राहणार नाही.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती: जीझेड३४ आणि चारही ईएल३४ काढून मेन्स चालू करा. हाय टेन्शन (प्लेटचे ४३० व्होल्ट) येत नाही, बायस येतो. चारही ईएल३४ सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे बायस लागतो त्या ग्रिडवर, ऋण व्होल्टेज आहे ना ते पाहा, पॉट फिरवून ते जास्तीत जास्त ऋण करून ठेवा. एखाद्या सॉकेटवर शून्य दिसले तर तिथे व्हॉल्व्ह घालूच नका. मग बंद करून सगळे व्हॉल्व्ह बसवा, स्पीकरच्या जागी ८ ओहमचा लोड जोडा आणि ०.४० येईपर्यंत पॉट हळूहळू फिरवा. अर्ध्या तासाने आकडा सरकलेला असतो. तेव्हा, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा लावा.

प्रत्येक चॅनलला पॉट एकच, त्यामुळे 'मॅच्ड' (सारखा प्रवाह ओढणारे) हे लेबल पुरेसे नाही. चारही व्हॉल्व्ह पाळीपाळीने एकाच सॉकेटमध्ये घालून आकडे लिहा. आमच्या संचात ०.३७, ०.४४, ०.३८, ०.४३ आले. पहिला-तिसरा एका बाजूला, दुसरा-चौथा दुसऱ्या बाजूला, काम झाले. आकडा चढतच राहिला तर व्हॉल्व्हची जागा बदला. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह खराब. त्याच सॉकेटवर राहिला तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा) गळतोय.

जीझेड३४ च्या लगेच पुढचा फिल्टर कपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. मूळचे ३० पुरेसे आहेत. जीझेड३४ ऐवजी ५यू४ हा दुसरा रेक्टिफायर घालायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका: जीझेड३४ चे फिलामेंट १.९ ॲम्पिअर घेते, ५यू४ चे ३, आणि तो जादा भार मेन्स ट्रान्सफॉर्मरवर येतो.

यंत्र अमेरिकन, म्हणून इकडे २३० व्होल्टचे मेन्स उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या. मेन्स २३० वरून २१५ वर उतरले की बायसचे आकडेही हलतात, म्हणून व्होल्टेज पाहूनच पॉटला हात लावा.

आठ महिन्यांनी तीन व्हॉल्व्ह ०.३९ ते ०.४१, एक ०.३५ वर. पॉट फिरवून त्याला वर आणायचा मोह होतो, पण तो वर येताना जोडीदारही सोबत चढतो आणि आधी तोच लाल होतो.