तीन मीटर, तीन जागा: पुंटो अबार्थमधे बूस्ट आन ऑइलचे गेज लावून नऊ महिने झाले

फेब्रुवारीत लावले, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे आपला पूर्ण उन्हाळा आन पूर्ण पावसाळा या मीटरांनी पाहिला, म्हणून आता लिहितो. लावल्या लावल्या लिहिलं असतं तं नुसतं "लय भारी" लिहून मोकळा झालो असतो.

गाडी फियाटची पुंटो अबार्थ, १.४ लिटर टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, २०१५ साली आलेली, रांजणगावच्या कारखान्यात बनलेली. पुण्याहून सेकंडहँड आणली. दारव्हा-कारंजा पट्ट्यात ही गाडी घेऊन पानटपरीवर थांबलं का एक जण तरी विचारतेच, "भाऊ, याच्यावर विंचू काहून काढला?" (अबार्थचं चिन्हच विंचू आहे.) दोन दरवाजाची स्पोर्ट्स कार नाही म्हणा, पण २००० आरपीएमच्या वर टर्बो भरला का पाठ सीटला टेकते, आपल्यासाठी तेवढं पुष्कळ.

मीटर कशाला, तं बहुतेक गाड्यांमधे पाण्याच्या टेम्परेचरचा काटा एकदा मधे आला का तिथंच चिकटून बसते, इंजिन थोडं जास्त तापलं तरी हालत नाही, माणूस उगाच घाबरू नये म्हणून तसाच बनवलेला असते. आन ऑइलचा लाल दिवा लागते तेव्हा प्रेशर आधीच गेलेलं असते. म्हणून तीन घेतले, ५२ मिलिमीटरचे, बूस्ट (म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरते ते), ऑइल प्रेशर आन ऑइल टेम्परेचर. जपानी डेफी कंपनीचे पाहिले होते पण भाव पाहून फोन खाली ठेवला, मधल्या किमतीचे घेतले. बाबा डबा उघडताना बाजूलेच बसून होते, म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरले ऑइलचा काटा कंपनीतूनच येते, तू कारले पैसे देऊन कायले लावून रायला?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

आता मेन गोष्ट, जागा. मीटर कोणता घेतला यापेक्षा तो कुठं बसवला हे दहापट महत्त्वाचं, हे मला तीनदा बसवल्यावर समजलं.

पहिल्यांदा तिन्ही डॅशबोर्डच्या वर मधोमध, तयार पॉड (मीटर बसवायचा डबा), खालून डबल टेप. फोटोत एकदम रेसिंग गाडी. मार्चपर्यंत ठीक होतं. एप्रिलच्या शेवटी दुपारी गाडी बाजार समितीच्या आवारात दोन तास उभी राहिली, बाहेर ४४, आतमधे किती असंन देव जाणे, येऊन पाहतो तं पॉड काचेच्या कोपऱ्यात आडवा पडलेला, वायरिंगवर लोंबत, आन टेपचा गोंद डॅशवर चिंगमसारखा. आपल्याकडच्या उन्हात डॅशवर टेपने काही चिकटवायचं नाही, लिहून घ्या. आन टेप टिकला असता तरी उपयोग नव्हता कारण दुपारी काचेतून सरळ ऊन पडून काटे दिसतच नव्हते, आन पाहायला मान डावीकडं वळवावी लागे. बायको म्हणे, "रस्त्याकडे पाहा ना, त्या घड्याळाकडे काय पाहून रायले." बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्यांदा उजव्या खांबावर, म्हणजे समोरची काच आन दरवाजा याच्यामधला पिलर. माझ्या गाडीत तिथं पडद्याची एअरबॅग नाही, पण ज्याच्या गाडीत पिलरवर एअरबॅग लिहिलेलं आहे त्यांनी तिथं स्क्रू मारायचा विचारसुद्धा करू नये, तो मीटर ॲक्सिडेंटमधे तोंडावर येईल. डाव्या सीटपुढच्या एअरबॅगच्या झाकणावरही तेच. पिलरवर वाचायला एक नंबर होतं, नजर जराशी सरकवली का झालं. पण पिलर आधीच जाड, त्याच्यावर तीन डबे, उजव्या वळणावर समोरून येणारा सायकलवाला पूर्ण त्याच्यामागं गायब. आन रात्रीचं तं विचारूच नका, निळे एलईडी बाजूच्या काचेत चमकत, त्या चमकीमागून एकदा रोही (नीलगाय) निघाला तेव्हा मीच ब्रेकवर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पिलर मोकळा केला.

एका मित्राने सांगितलं एसीच्या जाळीत बसव, छान दिसते. मे महिन्यात विदर्भात एसीची जाळी बंद करायची? त्याचं गाव पुण्याच्या बाजूचं आहे म्हणून माफ केलं.

तिसरी आन शेवटची जागा ठरवायच्या आधी एक काम केलं जे सुरवातीलाच करायला पायजे होतं. पुठ्ठ्याचे ५२ मिलिमीटरचे तीन गोल कापले, त्यावर पेनाने काटे काढले आन कागदी टेपने चिकटवून आठ दिवस तशीच गाडी चालवली. रात्री, दुपारी, सीट मागंपुढं करून. त्यातून कळलं का बूस्टचा काटा स्पीडोमीटरच्या डाव्या बाजूला, कव्हरच्या कडेवर पायजे, स्टेअरिंगच्या वरच्या मोकळ्या भागातून दिसते. आन ऑइलचे दोन्ही घडीघडी पाहायचेच नसतात, ते खाली म्युझिक सिस्टिमच्या खालच्या खणात गेले तरी चालते, फक्त ते ओरडले पायजे. माझ्या प्रेशरच्या मीटरला बझर आहे, एका मर्यादेखाली गेला का कुंई करते. सगळे स्क्रूवर, टेप कुठंच नाही.

आन हे तिन्ही मीटर जागेवरच फिरवून बसवले, म्हणजे नेहमीचं रीडिंग असताना काटा सरळ वर, बाराच्या जागी. रेसवाले असंच करतात. आकडे तिरपे होतात, पाहणारा म्हणते वाकडं लावलं, पण मला आता आकडा वाचावाच लागत नाही, काटा वर आहे म्हणजे सारं ठीक, कलला म्हणजे पाहायचं. सगळ्यात जास्त फायदा या फुकटच्या गोष्टीचा झाला.

फिटिंग आमच्या ट्रॅक्टरच्या वायरिंगवाल्या भाऊने केली. तो म्हणाला, "कंपनीच्या वायरले हात नाही लावायचा, फ्यूजच्या डब्यातून करंट घेऊ, चावी काढली का मीटर मेला पायजे." लाइटची वायर त्याने पार्किंग लाइटला जोडली म्हणून रात्री मीटर आपोआप मंद होतात. रंगही लाल-केशरी करून घेतला, निळा अंधारात डोळ्यात घुसते.

फसलो ते प्रेशरच्या सेन्सरमधे. सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्याचा, इंजिनचा आटा वेगळा, मधे ॲडाप्टर पायजे. लेथवर बनवून घेतला तं तो बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) निघाला. दोन्ही दिसायला सारखेच, एनपीटीत इंचाला २७ आटे, बीएसपीटीत २८. तीन फेरे छान बसते, मग अडते, आन आपण म्हणतो टाइट झालं. आठ दिवसात इंजिनखाली ऑइलचे थेंब. बरं झालं लवकर दिसलं. मग गळू नये म्हणून दुसऱ्या ॲडाप्टरला आम्ही टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळला, तं काटा पागल झाला, कारण एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग इंजिनच्या बॉडीतूनच मिळते, टेपने तीच तोडली. टेप काढून आट्यावर लिक्विड सीलंट लावला तेव्हा काटा शांत झाला. सेन्सर जड असते, म्हणून इंजिनवर सरळ पितळी टीवर (टी आकाराच्या जोडावर) लटकवू नका, हादऱ्याने टी तुटते, लवचीक होजने बाजूला घ्या. आन कंपनीचा लाल दिव्याचा स्विच काढून फेकू नका, तो राहू द्या.

तिघांत कामाचा कोणता? बूस्ट नाही. बूस्टची मजा पहिला महिनाभर, ०.८ बारपर्यंत काटा जाते, पोट्टे खूष होतात, मग सवय पडते. चिखलदऱ्याला वर उभी असताना काटा व्हॅक्यूममधे (शून्याच्या खालच्या भागात) नेहमीपेक्षा कमी दाखवे तं मला वाटलं पाइप निघाला, अर्धा तास बोनेट उघडून बसलो. मग डोक्यात आलं का ते गाव १,१०० मीटरच्या आसपास उंचीवर, बाहेरची हवाच पातळ, फरक कमी येणारच. खाली उतरल्यावर काटा जागेवर.

कामाचा ऑइल टेम्परेचर. सकाळी पाण्याचा काटा पाच-सहा किलोमीटरमधे मधोमध येते, ऑइल तेव्हा फक्त ६० ला असते. इतके दिवस मी त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबत होतो. आता ८० होईपर्यंत टर्बो भरूच देत नाही. मे महिन्यात कारंज्यातून समृद्धीवर चढलो, १२० च्या लिमिटला धरून, अर्ध्या तासात ऑइल ११८, पाण्याचा काटा तसूभर हालला नाही. १०० वर आणलं, ऑइल हळूहळू १०८. नव्वद ते एकशेदहा नॉर्मल, १३० गाठलं तं मी गाडी बाजूला घेईन. गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) प्रेशर १.२ बारच्या आसपास राहते, ऑइल बदलायची वेळ आली का जरासं उतरते, हे मात्र नऊ महिने रोज पाहिल्यामुळंच लक्षात येते.

पावसाळ्यात काही त्रास नाही, काचेत ओलावा नाही, फक्त बूस्टच्या मीटरचा सुरवातीचा काटा फिरवायचा तमाशा कधी कधी अडकते, चावी परत फिरवली का ठीक.

सध्या मात्र ऑइल टेम्परेचरचा काटा चार दिवसांपासून उठतच नाही, खाली झोपून आहे. मीटर खराब नाही. कापूस घरात आला, कापसासंगं उंदीर आले, आन गाडी उभी असते त्याच्याच बाजूच्या खोलीत. सेन्सरची वायर बोनेटखाली कुरतडलेली सापडली. वायरवर चढवायचा पन्हाळी पाइप आणून ठेवला आहे, बाबाने इंजिनपाशी तंबाखूची पानंही ठेवली, पण वायरिंगवाला भाऊ सिझनमधे ट्रॅक्टर सोडून कारला हात लावत नाही, म्हणते पुढच्या सोमवारी ये.